मामांना पहिल्या पानावर यायचं होतं

ऑफिसचा फोन सकाळी पहिल्यांदा वाजला की तो उचलायला कुणी पुढे होत नसे. सगळे माझ्याकडे बघत. फोन माझ्या मामांचा असे, आणि मामा आमचे गिऱ्हाईक झाले होते ते माझ्यामुळे. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही, थेट सुरुवात.

"काय गं, काल पहिल्या पानावर होतो. आज दुसऱ्या पानावर कसा?"

"मामा, ते रोज बदलतं."

"बदलतं म्हणजे? देवळात गेलं तर देव रोज जागा बदलतो काय?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. बेंगळुरूत, कोरमंगलातल्या एका घराच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस होतं. लोकांची वेबसाइट तयार करायची आणि मग ती शोधयंत्रांमध्ये वर येईल असं बघायचं, हे आमचं काम. आज या कामाला भारदस्त नाव आहे आणि त्याचे वर्ग चालतात. तेव्हा आई शेजारणींना सांगायची, मुलगी कंप्यूटरमध्ये आहे, आणि तेवढ्यावर भागायचं. शोधयंत्रंही तेव्हा पुष्कळ होती. प्रत्येकाला वेगळं कळवावं लागे की बाबा रे, इथे आमचं एक पान आहे, आणि लोक आम्हाला अमुक शब्दांनी शोधतील. मग ते यंत्र आपल्या सवडीने, कधी काही आठवड्यांनी यायचं, पान वाचायचं आणि त्याच्या मनाला येईल तिथे आपल्याला बसवायचं. का बसवलं ते विचारायची सोय नव्हती. आम्हाला सगळं कळतं असा चेहरा ठेवणं हा आमच्या कामाचा मोठा भाग होता.

गिऱ्हाइकं सगळीच तऱ्हेवाईक. ग्रॅनाइटच्या एका व्यापाऱ्याला प्रत्येक पानावर स्वतःचा हार घातलेला फोटो हवा होता. ग्रॅनाइटला जागाच उरेना. केस गळण्यावर औषध देणाऱ्या एका डॉक्टरांचं म्हणणं, कुणी क्रिकेट शोधलं तरी मी दिसलो पाहिजे, कारण क्रिकेट बघणाऱ्यांनाही टक्कल पडतं. मी त्या सगळ्यांशी भांडले. माझं डोकं पटकन तापतं, आजही तापतं, आणि तेव्हा तर मी ते झाकण्याचा प्रयत्नसुद्धा करत नसे. पण मामांशी भांडायची मला बंदी होती. ती आईने घातली होती.

आमचं घर बसवनगुडीत. आमचे लोक या गावात कधी आले ते नक्की कुणालाच माहीत नाही. प्रत्येक म्हातारं माणूस वेगळी गोष्ट सांगतं. मराठी आम्ही घरात बोलतो, आणि तिच्यातही कानडी इतकी मिसळलेली की पुण्याचा पाहुणा आला की दोन मिनिटं गोंधळतो. गौरही आमच्याकडे कानडी पद्धतीने, गणपतीच्या आदल्या दिवशी बसते. त्या दिवशी लेकीला माहेरून बागिना यायचा असतो: सुपात हळदकुंकू, बांगड्या, खण, नारळ, तांदूळ, गूळ, आणि वरून दुसरं सूप झाकलेलं. आजी होती तोवर आजीने पाठवला. मग मामी आणायच्या. मामी गेल्यावर मामा स्वतः आणू लागले. पुरुषमाणसाने सूप आणायचं नसतं असं कुणीसं म्हणालं, तर त्यांनी विचारलं, मग कोण आणणार, तुम्ही? यशवंतपूरहून स्कूटरवर, सूप दोन पायांच्या मध्ये उभं धरून ते यायचे. आई सकाळपासून त्या स्कूटरच्या आवाजाकडे कान लावून असायची. आईवडील गेलेले, भावंडांत हा एकच धाकटा भाऊ. सूप आलं की तिचं माहेर शाबूत होतं.

म्हणून मामांनी आम्हाला काम दिलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "त्याच्याशी वाद घालू नकोस. मला दुसरं माहेर नाही."

मामांचा उदबत्तीचा कारखाना यशवंतपूरला. खाली कारखाना, वर घर. घरात आता ते एकटेच. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून थोडा मोठा, शिकायला अमेरिकेला गेला होता. जाण्याआधी कारखाना कोण बघणार यावरून बापलेकात कडाक्याचं भांडण झालं. मामा म्हणाले होते, जातोस तर जा, पुन्हा फोनसुद्धा करू नकोस. मुलाने ते अक्षरशः पाळलं. आम्हाला सुरुवातीला त्याची पत्रं आली, मग आमची पत्रं परत येऊ लागली. त्याने घर बदललं होतं आणि नवा पत्ता कुणाकडेच नव्हता. मामी गेल्या तेव्हाही त्याला कळवता आलं नाही. मामांसमोर त्याचा विषय काढायचा नाही, हे आमच्या घरात न सांगता ठरलेलं होतं.

मामांनी कंप्यूटर घेतला आणि कारखान्याच्या ऑफिसात देवाच्या फोटोखाली ठेवला. त्याला हार, कुंकू, आणि अर्थात उदबत्ती. राख कळफलकात पडते, मी सांगितलं. त्यांनी उदबत्ती चार बोटं सरकवली. रोज पूजा झाली की ते फोनची तार जोडून इंटरनेट लावायचे, आपलाच शब्द आपण शोधायचे आणि वरून कितवे आहोत ते बोटाने मोजायचे. मग मला फोन.

पहिला वाद राहुकाळावरून झाला. शोधयंत्राला आमचं पान कळवायचं होतं. मामा म्हणाले, आत्ता नको, राहुकाळ चालू आहे.

"मामा, ते यंत्र अमेरिकेत आहे. तिथे आत्ता रात्र आहे. राहुकाळ धरायचा तर कुणाचा, आपला की त्यांचा?"

मी हे चिडवायला म्हटलं होतं. मामांनी त्यावर खरोखर विचार केला. "आपलाच," ते म्हणाले. "पाठवणारे आपण." मग मी दीड तास त्यांच्या ऑफिसात बसून राहिले. त्यांनी कॉफी पाजली आणि मोसंबी सोलून दिली. याही गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर मामा नुसतेच त्रासदायक वाटतील.

दुसरा वाद शब्दांवरून. बाहेरचा माणूस उदबत्ती शोधेल तर चंदन म्हणेल, धूप म्हणेल, इंग्रजीत जे शब्द आहेत ते लिहील. मी तशी यादी करून नेली. मामांनी ती बघितली आणि म्हणाले, यात दवना-मरवा घाल. दवना-मरवा ही त्यांच्या कारखान्याची एक जुनी बत्ती. बेंगळुरूतसुद्धा फारशी खपत नसे. तिचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहून शोधणारा माणूस पृथ्वीवर कुठे असेल, असं मी विचारलं.

"हुडुकणारा हुडुकेल," मामा म्हणाले.

"पण हुडुकणार कोण? एक नाव सांगा."

त्यांनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, "तू घाल. सगळ्यात वर घाल. चंदन खाली राहू दे." मला इतका राग आला की परतीच्या बसमध्ये माझी माझ्याशीच बडबड चालली होती. पण आईचा शब्द आठवला आणि मी ते घातलं. त्या शब्दावर आम्ही अर्थातच पहिले होतो. आमच्याशिवाय तो शब्द कुणाच्याच पानावर नव्हता. त्यावर मामांचं समाधान व्हावं की नाही? पण त्यांना आता चंदनातही वर यायचं होतं, धुपातही, नुसतं बेंगळुरू शोधलं तरीही. कुठूनही, कुणीही, काहीही शोधलं तरी आपण दिसलो पाहिजे, असा त्यांचा हट्ट. मला वाटलं, धंद्याची हाव आहे. म्हातारपणी माणसाला अशी हाव सुटते, म्हणून मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

मग झालं ते नामजपाचं प्रकरण. त्याचं बी मीच पेरलं, पण त्याला असा कोंब फुटेल हे कुणाला सुचलं असतं? मामांनी एकदा विचारलं होतं, त्या यंत्राला कळतं कसं की आपलं पान उदबत्तीचं आहे. मी म्हटलं, ते पान वाचतं, शब्द किती वेळा आला ते बघतं. एवढंच. मामांचा चेहरा उजळला. रोज आंघोळ झाल्यावर लाल शाईने रामनाम लिहायचा त्यांचा नेम होता. वह्यांचे गठ्ठे माळ्यावर होते. त्यांना वाटलं, ही तर आपल्याच घरची विद्या.

त्यांनी मला काही सांगितलं नाही. वेबसाइटचा पासवर्ड त्यांनी पहिल्याच दिवशी मागून घेतला होता, घराची किल्ली मालकाकडे नको का, असं म्हणून. कारखान्यातल्या टायपिस्टबाई नुकत्याच कंप्यूटरच्या वर्गाला जाऊन आल्या होत्या. मामांनी त्यांना शेजारी बसवलं आणि पानाच्या खाली उदबत्ती हा शब्द एकशे आठ वेळा लिहून घेतला. मग चंदन एकशे आठ वेळा. धूप एकशे आठ वेळा. दवना-मरवाही. आणि हे पान ते स्वतः रोज सकाळी, राहुकाळ टाळून, एकेका यंत्राला नव्याने कळवू लागले.

मला कळलं ते एका सकाळी पान उघडलं तेव्हा. खाली, खाली, खाली, संपेचना. मी फोन लावला.

"मामा, हे काय केलंत?"

"का, चुकलं काही? मोजून बघ. बरोबर आहे."

"अहो, हे यंत्रांना चालत नाही. फसवणूक समजतात ते. काही लोक असलं पानाच्या रंगात लिहून लपवतात..."

"लपवायचं कशाला? नाव काय चोरून घेतात?" मामा म्हणाले. "उघड लिहिलंय. जो खोटं बोलतो तो लपवतो."

यात काय खोडून काढणार? मी ते सगळं पुसलं आणि पासवर्ड बदलला. पण उशीर झाला होता. त्या आठवड्यात आमचं पान एका मोठ्या शोधयंत्रातून गेलं. खाली गेलं नाही, पार गेलं. चंदनात नाही, धुपात नाही, दवना-मरवा लिहिलं तर पांढरं पान आणि काही सापडलं नाही असं एक वाक्य. मी त्या यंत्राच्या लोकांना ईमेल लिहिला, चूक झाली, दुरुस्त केली आहे, पुन्हा बघा. उत्तर आलं नाही. दुसरा लिहिला. त्याचंही नाही.

मामांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तो चढलेला असता तर मला बरं वाटलं असतं.

"माझं नाव काढून टाकलंस."

"मी नाही मामा, त्यांनी काढलं. तुमच्या त्या जपामुळे. मी सांगितलं होतं."

"पासवर्ड कुणी बदलला?"

"मी बदलला. नाहीतर तुम्ही पुन्हा..."

"माझ्या घराला तू कुलूप लावलंस," ते म्हणाले. "काही नको मला. आयतु, संपलं सगळं. तुझ्या आईला सांग, झालं."

फोन ठेवला गेला. आजही मी तो प्रसंग उलटसुलट करून बघते आणि दर वेळी माझंच बरोबर ठरतं. पासवर्ड बदलणं भाग होतं. कुठल्याही गिऱ्हाइकाच्या बाबतीत मी तेच केलं असतं. पण तुझ्या आईला सांग म्हणजे काय सांग, हे मला चांगलं कळलं होतं आणि मी आईला ते सांगितलं नाही. तिला ते दुसऱ्या दिवसापासून आपोआप कळत गेलं. मामांचा रविवारचा फोन आला नाही. तिने केला तर कुणी उचलला नाही.

गौरीच्या दिवशी आई पहाटे उठली. दारात रांगोळी, आंब्याचं तोरण, पुरण शिजवून ठेवलेलं. पूजा झाली. शेजारच्या घरी एका सुनेच्या भावाची गाडी येऊन गेली. प्रत्येक स्कूटरला आई हातातलं काम थांबवायची, आवाज पुढे निघून गेला की पुन्हा हात चालवायची. मी पेपर वाचत असल्याचं दाखवत होते. दुपार झाली. जेवणं झाली. मामांसाठी वाढलेलं ताट तिने तसंच झाकून ठेवलं.

"तू जाऊन त्याची माफी माग," ती शेवटी म्हणाली.

"कशाबद्दल? मी काय केलंय?"

"काही नाही केलंस. तरी माग."

"नाही मागणार."

मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. तिने दोन्ही केलं नाही. ती आत गेली, पातळ बदलून आली, पुरणपोळीचा डबा पिशवीत घातला. "सरी, बरं मग," म्हणाली. "माहेर येत नसेल तर मी जाते." सणाच्या दिवशी सवाष्ण बाई न बोलावता भावाच्या दारात जाणार, तेही रिकाम्या ओटीने. मला लाज वाटली आणि रागही आला, आणि त्या दोन्हींसकट मी तिच्याबरोबर निघाले.

मॅजेस्टिकला बस बदलून यशवंतपूरला जायला पुष्कळ वेळ लागला. सगळं गाव केळीचे खांब आणि गणपती घेऊन रस्त्यावर उतरलेलं. आई खिडकीतून बाहेर बघत बसली होती. बाजाराजवळ एका फुलवालीच्या टोपलीत दवन्याच्या जुड्या दिसल्या तेव्हा ती एकदम म्हणाली, "ती दवना-मरव्याची बत्ती त्यानंच केलेली, ठाऊक आहे नव्हं तुला?"

"मामांनी?"

"मामानं नव्हे गं. पोरानं. शाळेत होता. वेणीतला दवना आणि मरवा कुस्करून पिठात मिसळला, आणि बापाला आणून दिला, ही माझी बत्ती म्हणून. खपत नाही, तरी मामा काढतोच आहे दर वर्षी."

हुडुकणारा हुडुकेल. एक नाव सांगा, असं मी त्यांना दरडावून विचारलं होतं, आणि ते चष्मा पुसत बसले होते. मी इतके दिवस चंदन आणि धूप करत बसले होते, आणि त्यांना हवं असलेलं गिऱ्हाईक सगळ्या जगात एकच होतं.

कारखाना सणासाठी बंद होता. ऑफिसचं दार मात्र उघडं. मामा कंप्यूटरसमोर बसले होते, अंगात बनियन, दाढी वाढलेली. टेबलाच्या कडेला सूप होतं. त्यात नारळ होता, खण होता, बांगड्या होत्या. म्हणजे आणायचं त्यांच्या मनात होतं. वरचं सूप मात्र झाकलेलं नव्हतं.

त्यांनी वर बघितलं. "अक्का," ते म्हणाले, "आज गौर, नव्हं? किती वाजले?"

"चार वाजून गेले रे."

"अय्यो. मी म्हटलं एवढं एक बघतो आणि निघतो."

रागाचा मागमूस नव्हता. पासवर्ड, कुलूप, सगळं ते विसरून गेलेले दिसले. मी पडद्याकडे पाहिलं. शोधायच्या चौकोनात त्यांनी मुलाचं नाव लिहिलं होतं. आपण दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी उलट बाजूने सुरुवात केली होती. ते नाव त्यांनी आपल्या वडिलांचं म्हणून हौसेने ठेवलेलं, आणि तसलं नाव आपल्याकडे गल्लोगल्ली. पडद्यावर त्या नावाच्या माणसांची रांग लागली होती, आणि खाली पुढच्या पानाचा आकडा, त्याच्या पुढे त्याच्या पुढच्याचा. कुणी प्राध्यापक होता, कुणी दातांचा डॉक्टर, कुणी गणिताच्या परिषदेला गेलेला.

"पुट्टी, ये गं," मामा म्हणाले. त्यांनी मला लहानपणानंतर त्या नावाने हाक मारली नव्हती. "तू यातली जाणती. ह्यातला आपला कुठला?"

गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी माझ्याकडे वाक्य तयार असायचं. मला हेही ठाऊक होतं की ज्याने आपलं पान कुठे लावलेलंच नाही तो यात कुठेही सापडत नाही, कितीही पानं उलटली तरी. ते मी त्यांना सांगायला हवं होतं. ते माझं कामच होतं. मी तोंड उघडलं, पण आईने माझा हात दाबला.

तिने पिशवी खाली ठेवली, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि भावाच्या शेजारी बसली. पदर खोचला. "स्वल्प सरक," ती त्याला म्हणाली. मग मला, "पहिल्यापासनं लाव. मला ते इंग्रजी वाचता येत नाही, पण तोंड ओळखता येतं."

मी उभ्यानेच पहिलं नाव उघडलं. तेव्हा फोनच्या तारेवरून फोटो एकदम येत नसे, वरून खाली एकेक रेघ उतरायची. आधी आकाश आलं. मग केस आले, काळे, दाट, एका बाजूला भांग. मामा पुढे झुकले. मग कपाळ आलं. आईने मामांच्या मनगटावर हात ठेवला. भुवया आल्या, हळूहळू डोळे उतरू लागले, आणि त्या खोलीत आम्ही तिघं बघत राहिलो.

"नव्हे," आई म्हणाली. "पुढचा लाव."